सहिष्णुतेचं संग्रहालय काय शिकवतं?

समीक्षा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पुस्तक येतं, फार तर नाटक किंवा सिनेमा. संग्रहालयाची समीक्षा आपल्याकडे फारशी कुणी करत नाही. आपण संग्रहालयात जातो, मुलांना ‘हात लावू नकोस’ म्हणत फिरतो आणि बाहेर येऊन भेळ खातो. पण संग्रहालय हीसुद्धा एक रचना असते. प्रेक्षकानं आधी काय बघायचं, कुठं थांबायचं, कुठल्या खोलीत अंधार ठेवायचा, बाहेर पडताना मनात काय घेऊन जायचं, हे सगळं कुणीतरी विचार करून ठरवलेलं असतं. म्हणजे संग्रहालयाचं एक म्हणणं असतं. आणि म्हणणं आलं की ते तपासता येतं.

आज आम्ही जे म्हणणं तपासणार आहोत ते अमेरिकेत लॉस एंजेलिस शहरात, पिको बुलेव्हार्ड या रस्त्यावर आहे. म्युझियम ऑफ टॉलरन्स. सहिष्णुतेचं संग्रहालय. ते चालवणारी संस्था म्हणजे सायमन वीझेन्थाल सेंटर. सायमन वीझेन्थाल हे १९०८ साली आजच्या युक्रेनमधल्या बुचाच गावी जन्मलेले गृहस्थ. शिक्षणानं वास्तुविशारद. नाझी छळछावण्यांतून जिवंत राहिले, मे १९४५ मध्ये माउटहाउझेनच्या छावणीतून सुटले, आणि पुढचं सगळं आयुष्य त्यांनी पळालेल्या नाझी गुन्हेगारांविरुद्ध पुरावे गोळा करण्यात घालवलं, आधी लिंट्‍समध्ये आणि मग व्हिएन्नात. सेंटर मात्र त्यांनी काढलेलं नाही. रब्बी मार्व्हिन हायर यांनी १९७७ साली ते लॉस एंजेलिसमध्ये सुरू केलं आणि वीझेन्थाल यांनी त्याला आपलं नाव दिलं. ही संस्था स्वतःला ज्यू मानवाधिकार संस्था म्हणवते. ज्यूद्वेषावर लक्ष ठेवणं, सरकारांना पत्रं लिहिणं, शिक्षकांना आणि पोलिसांना प्रशिक्षण देणं, माहितीपट काढणं ही तिची कामं. तिच्या दोन माहितीपटांना ऑस्करही मिळालं आहे.

हे संग्रहालय उघडलं १९९३ मध्ये. त्याच वर्षी एप्रिलमध्ये वॉशिंग्टनला होलोकॉस्टचं राष्ट्रीय संग्रहालय उघडलं. वॉशिंग्टनच्या संग्रहालयाच्या नावात होलोकॉस्ट आहे. लॉस एंजेलिसच्या नावात ना होलोकॉस्ट आहे, ना ज्यू. आहे ती सहिष्णुता. आमचं आजचं सगळं म्हणणं या नावापाशी येऊन थांबतं, पण तिथं पोचायला थोडा वेळ लागेल.

सुरुवात दारांपासून करू. हे संग्रहालय ज्या एका गोष्टीमुळे गाजलं ती म्हणजे तिथली दोन दारं. एकावर लिहिलेलं की ज्यांच्या मनात पूर्वग्रह आहेत त्यांनी इथून यावं. दुसऱ्यावर, ज्यांच्या मनात नाहीत त्यांनी इथून. आता तुम्ही-आम्ही कुठल्या दाराकडे जाऊ? माणूस साहजिकच दुसऱ्याकडे जातो, ढकलतो, आणि ते दार उघडत नाही. ते उघडण्यासाठी केलेलंच नाही. मग निमूटपणे पहिल्या दारानं आत जायचं. नाटक म्हणून याला दाद द्यायलाच हवी. एक शब्द न बोलता प्रेक्षकाचा अहंकार उतरवला.

आणि त्या शहरात, त्या काळात, हे शोभूनही दिसलं. १९९२ च्या एप्रिल-मेमध्ये लॉस एंजेलिस पेटलं होतं. रॉडनी किंग या काळ्या माणसाला मारहाण करणारे पोलीस सुटले आणि शहरात दंगल उसळली. त्यानंतर वर्षभराच्या आत हे संग्रहालय उघडलं. काळे, कोरियन, लॅटिनो, गोरे, सगळे एकमेकांकडे संशयानं बघत असताना एखाद्या ज्यू संस्थेनं केवळ ‘आमच्यावर काय झालं ते बघा’ एवढंच म्हणायचं नाही असं ठरवलं, हे आम्हाला समजतं. तो निर्णय उदार होता. तो सोयीचाही होता, पण उदारपणा आणि सोय एकाच पिशवीत असायला काही हरकत नसते.

आतल्या होलोकॉस्ट विभागात प्रेक्षकाला एक पासपोर्ट मिळतो. त्यावर एका खऱ्या मुलाचा किंवा मुलीचा फोटो आणि माहिती. फिरता फिरता त्या मुलाचं पुढं काय झालं ते कळत जातं, आणि शेवटी कळतं की ते वाचलं की नाही. मधे १९३० च्या दशकातल्या बर्लिनमधला एक कॅफे उभा केलेला आहे, पुतळ्यांचा. टेबलाटेबलावर लोक नव्या राजवटीबद्दल बोलतायत. शिवाय छावण्यांतून वाचलेली माणसं स्वतः येऊन शाळेच्या मुलांशी बोलतात. ही शेवटची गोष्ट या संग्रहालयातली सगळ्यात मोलाची, आणि ती आता हळूहळू संपत चालली आहे, कारण ती पिढी नव्वदीच्या पुढे गेली.

आता अडचण कुठं आहे ते बघू. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा हातात पासपोर्ट घेऊन फिरला, त्या अनोळखी मुलीसाठी त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. चांगलं झालं. पण तो काय शिकला? ज्यू म्हणजे एक लहान, निष्पाप, असहाय मूल, आणि असहाय माणसाचा द्वेष करू नये. मग तो घरी जातो, फोन उघडतो, आणि तिथं त्याला कुणीतरी सांगतं की बँका ज्यूंच्या ताब्यात आहेत, वर्तमानपत्रं त्यांच्या ताब्यात आहेत, युद्धं तेच घडवतात. या मुलाकडे उत्तर काय आहे? काहीच नाही. कारण त्या लहान मुलीचा बँकांशी काही संबंधच नव्हता. त्याला दया शिकवली, आणि समोर आलं ते तर्काचं सोंग घेतलेलं खोटं. दया तिथं उपयोगी पडत नाही. त्याला वाटतं, मेलेले ज्यू बिचारे होते, पण जिवंत ज्यू वेगळे असावेत.

हे आम्ही काही हवेतून बोलत नाही. लेखिका डॅरा हॉर्न यांनी २०२१ साली ‘पीपल लव्ह डेड ज्यूज’ या नावाचं पुस्तक लिहिलं. त्यांचा मुद्दा नावातच आला. जगाला मेलेल्या ज्यूंबद्दल कळवळा वाटतो, जिवंत ज्यू काय खातात, काय वाचतात, कशावर भांडतात, यात रस नसतो. हे आम्हाला पटतं. पण आम्ही एक पाऊल पुढं जाऊ. अडचण नुसती जिवंत आणि मेलेल्यांची नाही. इतर पूर्वग्रह आणि ज्यूद्वेष यांची रचनाच वेगळी आहे. बहुतेक पूर्वग्रह खाली बघतात: अमका घाणेरडा, अमका आळशी, अमका आपल्यापेक्षा कमी. ज्यूद्वेष खाली तर बघतोच, पण वरही बघतो. तो म्हणतो की हे लोक फार हुशार आहेत, फार श्रीमंत आहेत, पडद्यामागून सगळं तेच हलवतात. म्हणजे तो स्वतःला द्वेष समजतच नाही. तो स्वतःला अन्यायाविरुद्धचा लढा समजतो. अशा माणसाला ‘पूर्वग्रह’ लिहिलेल्या दारातून आत नेलं तर तो म्हणेल, माझा कसला पूर्वग्रह, मला तर सत्य कळलंय.

आणि गंमत बघा. गंमत हा शब्द इथं बरोबर नाही, पण दुसरा चटकन सुचत नाही. या म्हणण्याचा सगळ्यात भक्कम पुरावा याच संग्रहालयाच्या मालकीचा आहे.

१९१९ साली तीस वर्षांचा अ‍ॅडॉल्फ हिटलर म्युनिकमध्ये सैन्याच्या प्रचार विभागात काम करत होता. गेम्लिश नावाच्या एका माणसानं सैन्याला विचारलं, ज्यूंच्या प्रश्नाबद्दल आपली भूमिका काय? कॅप्टन कार्ल मायर या वरिष्ठानं उत्तर लिहायचं काम हिटलरकडे दिलं. १६ सप्टेंबर १९१९ या तारखेचं ते उत्तर. टंकलिखित चार पानं, खाली सही. ज्यूंबद्दलचं हिटलरचं हे पहिलं ज्ञात राजकीय लेखन. वीझेन्थाल सेंटरनं २०११ साली दीड लाख डॉलर देऊन ते विकत घेतलं आणि संग्रहालयात ठेवलं.

त्या पत्रात काय आहे? शिवीगाळ आहे असं तुम्हाला वाटेल. शिवीगाळीपेक्षा भयंकर गोष्ट आहे. हिटलर म्हणतो की ज्यूंबद्दलची नुसती भावनिक चीड उपयोगाची नाही. त्या चिडीतून मारामाऱ्या होतात, दंगली होतात, पुढं काही होत नाही. हवा तो ‘बुद्धीचा’ ज्यूद्वेष, तथ्यांवर उभा असलेला. त्यानं आधी कायद्यानं ज्यूंचे हक्क काढून घ्यायचे, आणि अंतिम उद्दिष्ट म्हणजे ज्यूंना पूर्णपणे हटवायचं. ज्यूंची शक्ती पैशाची शक्ती आहे, हा त्यातला मध्यवर्ती दावा.

मंडळी, थोडं थांबून विचार करा. जो माणूस हे सगळं घडवणार होता तो सुरुवातीलाच सांगतोय की हा मनाचा विकार नाही, हा विचार आहे, कार्यक्रम आहे. आणि तेच पत्र ज्या इमारतीत आहे ती इमारत आलेल्या प्रत्येकाला सांगते की चला, आपापल्या मनातला विकार शोधू या. पत्र आणि दार एकमेकांशी भांडतायत. आम्हाला विचाराल तर हे संग्रहालय त्या पत्राभोवती उभं करायला हवं होतं.

म्हणजे काय करायचं? खोटं कसं तयार झालं ते उलगडून दाखवायचं. ‘प्रोटोकॉल्स ऑफ द एल्डर्स ऑफ झायन’ या कुप्रसिद्ध पुस्तिकेचंच उदाहरण घ्या. जगावर राज्य करण्याचा ज्यू वडीलधाऱ्यांचा गुप्त कट म्हणून ती रशियात १९०३ मध्ये प्रथम छापली गेली. १९२१ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’चे वार्ताहर फिलिप ग्रेव्हज यांनी दाखवून दिलं की तिचे परिच्छेदच्या परिच्छेद मोरिस जोली या फ्रेंच लेखकाच्या १८६४ मधल्या पुस्तकातून उचललेले आहेत. आणि जोलीचं पुस्तक कशावर? तिसऱ्या नेपोलियनवर केलेली राजकीय टीका. त्यात ज्यूंचा कट वगैरे काही नाही. दोन पुस्तकं शेजारी शेजारी ठेवली, सारख्या ओळी रंगवून दाखवल्या, की आठवीतल्या मुलालाही चोरी पकडता येते. कॉपी पकडण्यात मुलांना फार आनंद असतो, शिक्षकांना विचारा. पासपोर्टनं जे साधणार नाही ते यानं साधेल, कारण पुढच्या वेळी असं काही वाचताना तो विचारेल, हे आलं कुठून?

यावर काही शिक्षक म्हणतात, खोटं दाखवलं तर ते पसरेल ना? पूर्वी या शंकेत तथ्य असेल. आता मुलांच्या खिशात ते आधीच आहे. फक्त त्याचं उत्तर खिशात नाही.

आणि हे नुसतं पुस्तकी भांडण नाही. २७ ऑक्टोबर २०१८ रोजी पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये अकरा माणसं मारली गेली. मारणाऱ्याचा राग होता तो ज्यू संस्था निर्वासितांना देशात आणतात यावर. म्हणजे त्याच्या डोक्यात ज्यू दुबळे नव्हते, सूत्रधार होते. आपल्या मुंबईतलंच बघा. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात ताज, ओबेरॉय, सीएसटी ही ठिकाणं का निवडली ते कळतं, मोठी आहेत, गर्दीची आहेत. पण कुलाब्याच्या गल्लीतलं नरिमन हाउस? शेजारपाजारच्या मुंबईकरांनाही ते धड माहीत नव्हतं. तिथं रब्बी गॅव्रिएल होल्ट्‍झबर्ग, त्यांची पत्नी रिव्का आणि चार पाहुणे मारले गेले. सीमेपलीकडून फोनवर सूचना देणारे हल्लेखोरांना सांगत होते की इथल्या माणसाला मारण्याचं मोल इतर ठिकाणच्यापेक्षा कितीतरी जास्त. गल्लीतल्या एका छोट्या प्रार्थनाघराला एवढं मोल कोण देतं? ज्याला वाटतं की जगाची कळ तिथं आहे, तो.

आता शिक्षणाच्या परिणामाबद्दल थोडं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजनं २०१६ मध्ये इंग्लंडमधल्या हजारो विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. होलोकॉस्ट तिथं अभ्यासक्रमात सक्तीचा आहे. तरी दोन तृतीयांशांहून जास्त मुलांना ‘अँटिसेमिटिझम’ या शब्दाचा अर्थच ठाऊक नव्हता, आणि घडलेल्या सगळ्याचं खापर बहुतेकांनी एकट्या हिटलरवर फोडलं. म्हणजे राक्षस आला, राक्षस गेला. अमेरिकेत २०२० मध्ये क्लेम्स कॉन्फरन्सनं तरुणांची पाहणी केली, तेव्हा साठ लाख ज्यू मारले गेले हे ६३ टक्क्यांना माहीत नव्हतं, आणि ११ टक्क्यांना तर वाटत होतं की ते ज्यूंमुळेच घडलं. या दुसऱ्या आकड्यानं आम्ही जास्त अस्वस्थ झालो. पहिला अज्ञानाचा आकडा आहे. दुसऱ्यामागं एक सिद्धांत आहे.

आता त्या नावाकडे येऊ. सहिष्णुता का? इतरांना आपलंसं वाटावं म्हणून. ही ओढ संस्थेच्या नावापर्यंत जाते. वीझेन्थाल अनेक वर्षं म्हणत की नाझींनी एक कोटी दहा लाख माणसं मारली, साठ लाख ज्यू आणि पन्नास लाख इतर. येहुदा बाऊर या इतिहासकारांनी यावर जाहीर आक्षेप घेतला. त्यांचं म्हणणं, पन्नास लाखांच्या आकड्याला आधार नाही. ज्यू नसलेल्यांनाही या विषयाची आस्था वाटावी म्हणून तो आला. हेतू वाईट नव्हता. पण यात एक मूक कबुली आहे की नुसते साठ लाख ज्यू पुरेसे नाहीत, लोकांनी ऐकावं असं वाटत असेल तर त्यात आणखी कुणाला तरी बसवावं लागतं. रोमा, पोलिश, सोव्हिएत युद्धकैदी यांच्यावर जे झालं ते त्यांच्या स्वतःच्या नावानं आणि खऱ्या आकड्यांनी सांगण्याइतकं मोठं आहेच. ज्यूंच्या आकड्याला जोडून गोल बेरीज करण्यात दोघांचाही मान राहत नाही. वीझेन्थालांच्या सगळ्या कामाबद्दल आदर ठेवून हे म्हणावंच लागतं.

आणि मराठीत तर ‘सहिष्णुता’ या शब्दाचं मूळ कानाला लगेच लागतं. सह्, म्हणजे सोसणे. सोसतो आपण काय? दाढदुखी. शेजारच्या लग्नातला डीजे. ‘आम्ही तुम्हाला सहन करतो’ असं कुणी घरी येऊन म्हणालं तर आपण त्याला चहा विचारणार नाही. जो सोसतो त्याच्या हातात सोसणं थांबवण्याचा अधिकार असतो, हे त्या शब्दात दडलेलं आहे.

या शब्दाची सत्त्वपरीक्षा जेरुसलेममध्ये झाली. सेंटरनं तिथं दुसरं म्युझियम ऑफ टॉलरन्स बांधायचं ठरवलं. आराखडा फ्रँक गेरी यांचा. २००४ मध्ये भूमिपूजन झालं, त्याला कॅलिफोर्नियाचे तेव्हाचे गव्हर्नर आर्नल्ड श्वार्झनेगर गेले होते. जागा होती मामिल्ला, म्हणजे शतकानुशतकांच्या मुस्लिम दफनभूमीचा एक भाग. खोदायला लागल्यावर हाडं निघाली. खटला झाला. सेंटरचं म्हणणं होतं की १९६० च्या दशकापासून तिथं गाड्यांचा तळ आहे, इतकी वर्षं कुणी हरकत घेतली नाही, आणि १९६४ मध्ये एका मुस्लिम धार्मिक अधिकाऱ्यानंच दफनभूमीचं पावित्र्य संपल्याचा निवाडा दिला होता. ऑक्टोबर २००८ मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयानं बांधकामाला परवानगी दिली. तिथं उत्खनन केलेल्या एका इस्रायली पुरातत्त्वज्ञानं जाहीर आक्षेप घेतला. ज्यांचे पूर्वज तिथं पुरले आहेत अशा पॅलेस्टिनी घराण्यांनी २०१० मध्ये संयुक्त राष्ट्रांकडे दाद मागितली. त्याच वर्षी गेरी प्रकल्पातून बाहेर पडले. आराखडा पुन्हा दुसऱ्यांकडून करून घ्यावा लागला आणि काम वर्षानुवर्षं रेंगाळलं.

कायद्यानं सेंटर जिंकलं. पण संग्रहालयाचं म्हणणं त्याच्या पायापासून सुरू होतं. युरोपात ज्यूंच्या दफनभूम्या उखडून थडग्यांच्या दगडांचे रस्ते केले गेले, ही गोष्ट याच संस्थेनं जगाला शिकवायची, आणि स्वतःच्या पायात दुसऱ्याची हाडं निघाल्यावर गाडीतळाचा दाखला द्यायचा, हे आम्हाला पटत नाही. इथं एक सावधगिरी. या प्रकरणावर टीका करणं म्हणजे ज्यूद्वेष नव्हे. टीका करणाऱ्यांत ज्यूही होते. पण ‘बघा, हे लोक असेच’ असं म्हणत कुणी या बांधकामावरून सगळ्या ज्यूंकडे बोट दाखवलं, की तो त्या गेम्लिश पत्राच्या रांगेत जाऊन उभा राहिला. फरक एका वाक्याचा असतो, आणि तो करता आला पाहिजे.

मग चांगलं संग्रहालय कसं असतं? आम्ही वॉर्साच्या पोलिन संग्रहालयाचं नाव घेऊ. जुन्या ज्यू घेट्टोच्या जागी, घेट्टोतल्या उठावाच्या स्मारकासमोर ही इमारत आहे. मुख्य प्रदर्शन ऑक्टोबर २०१४ मध्ये उघडलं. त्यात पोलंडमधल्या ज्यूंची हजार वर्षं आहेत, आठ दालनांत. होलोकॉस्ट हे त्यांतलं एक दालन. बाकीच्या दालनांत बाजार आहे, छापखाने आहेत, वादविवाद आहेत, लग्नं आहेत. मधोमध ग्वोझ्झिएत्स गावच्या लाकडी सिनेगॉगचं रंगवलेलं छत आहे. मूळ सिनेगॉग सतराव्या शतकातलं, आता नाही. छत शेकडो स्वयंसेवकांनी जुन्या पद्धतीची हत्यारं वापरून लाकूड तासून नव्यानं उभारलं. त्याखाली उभा राहिलेला माणूस आधी मान वर करून बघतो की ही माणसं किती रंगात राहत होती. नंतर त्याला कळतं काय नष्ट झालं. क्रम महत्त्वाचा आहे. ज्याला ओळखलंच नाही त्याचं जाणं कसं कळणार?

आणि पोलिन शेजाऱ्यांना सोडत नाही. युद्ध संपल्यावर, ४ जुलै १९४६ ला, किएल्त्से गावी जमावानं होलोकॉस्टमधून वाचलेल्या चाळीसहून अधिक ज्यूंना मारलं. कारण काय, तर एका लहान मुलानं सांगितलं की ज्यूंनी मला तळघरात कोंडलं होतं. त्या घराला तळघर नव्हतंच. हा एक तपशील शंभर भाषणांना भारी आहे. जमावातल्या कुणीही खाली जाऊन बघितलं असतं तर? पण बघायचं नव्हतं, कारण ‘ज्यू मुलं पळवतात’ हे आधीपासूनच माहीत होतं.

असं सांगण्याची किंमत द्यावी लागते. २०१८ मध्ये पोलिननं १९६८ सालच्या ज्यूविरोधी मोहिमेवर प्रदर्शन भरवलं. तेव्हाच्या सरकारला ते आवडलं नाही. संचालक दारिउश स्तोला यांनी २०१९ मध्ये पदासाठीची निवड प्रक्रिया पुन्हा जिंकली, तरी मंत्र्यांनी त्यांची नेमणूक केली नाही. अखेर त्यांना बाजूला व्हावं लागलं. ‘पूर्वग्रह वाईट’ म्हणणाऱ्या संग्रहालयावर कुठलाही मंत्री चिडत नाही. ‘तुमच्या गावात अमुक तारखेला अमुक झालं’ म्हटलं की चिडतो.

आता आपल्याकडे. आपण मराठी माणसं त्या न उघडणाऱ्या दाराशीच उभी असतो. भारतात ज्यूंना कधी त्रास झाला नाही, हे आपलं आवडतं वाक्य. आणि कोकणातले बेने इस्रायलही हे कृतज्ञतेनं सांगतात, त्यामुळे ते खोडून काढायची आमची इच्छा नाही. नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं, त्यातून वाचलेले आपले पूर्वज, ही त्यांची कथा. तेल गाळायचा धंदा, शनिवारी घाणा बंद, म्हणून गावानं नाव दिलं ‘शनवार तेली’. या नावात द्वेष नाही, कौतुकही नाही, नुसती शेजाऱ्याची नोंद आहे. सहिष्णुतेपेक्षा आम्हाला ही नोंद जास्त आवडते.

पण हेही आपल्याच किनाऱ्यावर घडलं आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य, ज्यू वंशाचा, कुटुंब सक्तीनं ख्रिस्ती झालेलं. गोव्यात राहिला, मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे खंडानं होतं, इथल्या वनस्पती आणि औषधांवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. १५६८ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी गोव्याच्या इन्क्विझिशननं त्याची बहीण कातारिना हिला जाळलं, आणि १५८० मध्ये खुद्द त्याची हाडं उकरून काढून जाळली. गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याचा आरोप. मेलेल्या माणसाची हाडं. पणजीच्या चर्चसमोरच्या बागेला आज त्याचं नाव आहे. तिथं शेंगदाणे खात बसणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल?

आणि आजचं? फलाटावरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर हिटलरचं आत्मचरित्र, यशाचे मंत्र सांगणाऱ्या पुस्तकांच्या शेजारी. कडक मास्तर म्हणजे हिटलर, शिस्तीच्या सासूबाई म्हणजे हिटलर. २००६ मध्ये खारघरला एका उपाहारगृहाला हिटलरचं नाव दिलं गेलं, मुंबईतल्या ज्यूंनी हरकत घेतल्यावर ते बदललं. मालकाच्या मनात द्वेष होता असं आम्ही म्हणणार नाही. द्वेष नसतानाही हे झालं, मुद्दा तो आहे. दोन दारांच्या त्या संग्रहालयात या गृहस्थाला नेलं असतं तर तो खरोखरच म्हणाला असता, माझ्या मनात ज्यूंबद्दल काही नाही. आणि ते खरं असतं. त्याला अंतःकरणाची नाही, माहितीची गरज होती.

म्हणून आमची सूचना अगदी साधी आहे. आठवी-नववीच्या वर्गाला अलिबागला सहलीला नेतातच. किल्ला दाखवतात, समुद्र दाखवतात. त्यांना इस्रायल आळीत न्या, तिथलं मागेन अबोथ सिनेगॉग दाखवा. मराठी बोलणाऱ्या, मराठीत कीर्तनं रचणाऱ्या ज्यूंबद्दल सांगा, जे बहुसंख्येनं इस्रायलला गेले आणि तिथूनही ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक काढत राहिले. मुंबईच्या मुलांना विचारा, वरळीच्या डॉ. ई. मोझेस रोडवरून रोज जाता, हे मोझेस कोण? मुंबईचे महापौर होते. आधी ही माणसं भेटू देत. मग त्यांच्यासमोर ते चार पानी पत्र ठेवा, आणि विचारा, यातलं कुठलं वाक्य या माणसांना लागू पडतं?

दहा मिनिटं उरली आहेत. ज्यांना प्रश्न विचारायचे आहेत त्यांनी हात वर करावा.